रजिस्टरात नसलेला खून

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्टॅलिनच्या काळातल्या रशियात घडणाऱ्या एका इंग्रजी गुन्हेकथेचं परीक्षण आलं होतं. पुस्तकाचं नाव तुमच्याकडे छापून आलंच आहे, मी पुन्हा लिहून प्रकाशकाची फुकट जाहिरात करत नाही. परीक्षणकर्त्यांची तक्रार अशी, की निम्मी कादंबरी संपत आली तरी तपास म्हणून सुरू होत नाही. नायक नुसता या साहेबाकडून त्या साहेबाकडे फिरतो, कागद मागतो, शिव्या खातो. थरार कागदपत्रांत हरवला, असं त्यांचं म्हणणं. हे वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवून मी वही शोधायला लागलो. बायको म्हणाली, "रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, आता काय लिहायला लागलात?"

मी चौतीस वर्षं पोलीस खात्यात होतो. त्यातली वीसेक वर्षं रायटर हवालदार. खात्याबाहेरच्यांसाठी सांगतो, रायटर म्हणजे लेखक नव्हे. फौजदारसाहेब तपास करतात आणि रायटर तो कागदावर उतरवतो. फिर्याद, जबाब, पंचनामा, मुद्देमालाची यादी, शेवटी दोषारोपपत्र. साहेब बदलून जातात, रायटर तिथंच असतो. कुठल्या गुन्ह्याचा कुठला कागद कुठल्या गठ्ठ्यात आहे हे फक्त त्याला माहीत असतं. तर अशा माणसाला "थरार कागदपत्रांत हरवला" हे वाक्य किती लागलं असेल ते समजून घ्यावं. थरार तिथंच असतो, दुसरीकडे नसतो.

पुस्तक मी वाचलंय. नातीनं पुण्याहून आणलं होतं, ते इथंच विसरून गेली. माझं इंग्रजी पोस्टमॉर्टेमच्या रिपोर्टापुरतं, 'कॉज ऑफ डेथ'च्या पुढं कधी गेलं नाही. पण सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. पारा त्रेचाळीसच्या पुढं, दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. नळाला पाणी यायचा दिवस सोडला तर निवृत्त माणसाला काम काय? डिक्शनरी मांडीवर घेऊन अडीच महिन्यांत संपवलं.

नायक धावतो फार. रेल्वेतून उड्या मारतो, मार खाऊन लगेच उभा राहतो. खात्यातला माणूस दोन जिने चढला तरी धापा टाकतो, पण ते सोडून देऊ. मला जे पटलं ते वेगळंच. त्या राज्याचं अधिकृत मत असं, की खून ही भांडवलशाहीची घाण. आपल्याकडे समाजवाद आला, म्हणजे खुन्याला कारणच उरलं नाही. सरकारनं एकदा तसं ठरवल्यावर, खून झाला असं लिहिणारा पोलीस सरकारला खोटं पाडतो. मग मेलेलं पोर अपघातात मेलेलं असतं, नाहीतर मारणारा वेडा असतो, नाहीतर परक्या देशाचा हस्तक. म्हणून नायकाला खुनी शोधण्याआधी खून झाला हे कुठंतरी लिहून घ्यायला लावावं लागतं. परीक्षणकर्त्यांना जो पसारा वाटला तोच त्या पुस्तकातला तपास आहे.

आता यातला खरा भाग. लेखकानं ज्या प्रकरणावरून ही गोष्ट उचलली, ते आंद्रेई चिकाटिलो याचं. रोस्तोव्हच्या मुलखातला माणूस, पेशानं शिक्षक, कम्युनिस्ट पक्षाचा सभासद. पहिला खून २२ डिसेंबर १९७८ रोजी, शाख्ती नावाच्या कोळसा खाणींच्या गावात, नऊ वर्षांच्या मुलीचा. पुढं शिक्षकाची नोकरी सुटली आणि तो एका कारखान्याचा माल मिळवून आणणारा कारकून झाला. सारखा प्रवास, सारखी रेल्वे आणि एसटी स्टँडं. स्टँडवर एकटं दिसणारं पोर किंवा बाई हेरायची, गोड बोलून जवळच्या झाडीत न्यायची. बारा वर्षं हे चाललं. न्यायालयानं १९९२ साली बावन्न खुनांसाठी दोषी ठरवलं, १४ फेब्रुवारी १९९४ रोजी गोळी घातली. खटल्याच्या वेळी त्याला न्यायालयात लोखंडी पिंजऱ्यात बसवलं होतं, मेलेल्यांच्या आयांपासून वाचवायला.

बारा वर्षं का लागली याची कारणं पुष्कळ आहेत. १९८४ साली त्याला रोस्तोव्हच्या बसस्टँडवर धरलं होतं, पण रक्तगट जुळेना म्हणून खुनाच्या संशयातून सुटला आणि किरकोळ चोरीसाठी तीन महिने आत राहून बाहेर आला. प्रयोगशाळेची चूक कुठल्याही राज्यात होते. पण बारा वर्षांतली बहुतेक वर्षं पेपरात सावधानतेचं अक्षर नव्हतं, ते काही प्रयोगशाळेमुळे नव्हे. स्टँडवर अनोळखी माणसाबरोबर जाऊ नको, हे आयांनी पोरांना सांगायचं तर आयांना आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणि त्या पहिल्या खुनासाठी दुसऱ्याच एका माणसाला गोळी घातली गेली, हे आपल्या परीक्षणात यायला हवं होतं. अलेक्सांद्र क्रावचेन्को. जवळच राहणारा, अंगावर आधीची शिक्षा. अशा माणसाला उचलायला अक्कल लागत नाही. आम्हीही रेकॉर्डवरचेच आधी उचलायचो. त्याच्या बायकोनं आधी तो घरीच होता असं सांगितलं, मग तिच्यावर दाब आला आणि तिचा जबाब फिरला. त्यानं कबुली दिली. १९८३ साली त्याला मारलं, आणि खरा खुनी तोवर पुढच्या खुनांना लागलेला होता.

इथं एक गोष्ट नोकरीत असताना मी कधी बोललो नाही ती बोलतो. १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम २५ सांगतं की पोलिसापुढं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ मध्ये गेलंय. सगळं खातं या कलमाला शिव्या देत आलं, मीही दिल्या. रात्रभर जागून आरोपी 'बोलता' करायचा, मी बोटं दुखेपर्यंत लिहायचं आणि कोर्टात त्या कागदाची किंमत शून्य. क्रावचेन्कोचं वाचल्यावर मात्र त्या कलमाबद्दल माझं मत बदललं. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, काही उपयोग नसताना.

परीक्षणात असंही आहे, की हे सगळं आपल्या वाचकाला परकं वाटेल. परकं? सोलापुरात बसून?

आमचे आजोबा जुन्या गिरणीत कामाला होते. १९३० च्या मे महिन्यातली गोष्ट ते सांगायचे. गांधीजींना अटक झाली, गाव पेटलं, ८ तारखेला गोळीबार झाला, मंगळवार पेठेच्या चौकीवर दोन पोलीस मारले गेले, कोर्टाची इमारत जळाली. १२ मेला मार्शल लॉ पुकारला, तो ३० जूनपर्यंत होता. आजोबा म्हणायचे, डोक्यावर पांढरी गांधी टोपी दिसली की सोजीर, म्हणजे गोरे शिपाई, हिसकावून घ्यायचे आणि वर मारायचे. त्यांनी आपली टोपी ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवली होती, ती घरच्या बायकांनी सुगीला बाहेर काढली तेव्हा उंदरांनी खाल्लेली. गोष्ट एवढीच, पण दरवेळी उंदरांपाशी आले की हसायचे.

त्या दोन पोलिसांच्या खुनासाठी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. कुर्बान हुसेन तर तुमच्याच धंद्यातले, 'गझनफर' नावाचं पत्र चालवणारे. दरवर्षी सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, गड्ड्याच्या दिवसांतच ही तारीख येते. नंदीध्वज बघायला बाहेर पडलेलं गाव या चौघांच्या पुतळ्यांजवळून जातं, हार दिसतात. सोलापुरात लहान पोरालाही माहीत आहे, की हे चौघे पुढारी होते म्हणून गोवले गेले.

मी पोलीस, म्हणून माझ्या डोक्यात आणखी एक प्रश्न येतो. तो चारचौघांत विचारायची सोय नाही. त्या दोन शिपायांचं काय? तेही कुणाचे तरी पोरगे होते, पोटासाठी चाकरी करत होते. गोरं सरकार म्हणतं त्यांच्यासाठी न्याय केला. सोलापूर म्हणतं चौघं निर्दोष. सोलापूरचं खरं असेल, आणि मी तेच खरं मानतो, तर त्या दोघांच्या खुनाचा तपास झालाच नाही. फाशीची तारीख पडली की पुन्हा कोण कागद उघडतो? सरकारला हवी असलेली माणसं सापडली की खुनी सुटतो, हे समजायला सोलापूरच्या माणसाला रशियात जायची गरज नाही. म्हणून परीक्षणातला 'परकं' हा शब्द मला खटकला.

जर्मनीचंही असंच. १९४० चा हिवाळा, बर्लिनमध्ये विमानहल्ल्याच्या भीतीनं रात्री दिवे बंद. लोकलच्या डब्यात बायकांवर हल्ले, चालत्या गाडीतून बाहेर फेकलेल्या बायका. पोलिसांची नजर परदेशी मजुरांवर आणि ज्यूंवर. निघाला कोण, तर पाउल ओगोर्झोव्ह, रेल्वेचाच नोकर आणि नाझी पक्षाचा सभासद. आठ खून. जुलै १९४१ मध्ये सापडला आणि त्याच महिन्यात मुंडकं उडवलं. ते काम मात्र फटाफट झालं.

आता माझं. हे लिहू की नको असा चार दिवस विचार केला.

खात्यात एक शब्द आहे, बर्किंग. गुन्हा बर्क करणे म्हणजे आलेला गुन्हा न नोंदवणे. महिन्याला क्राईम मीटिंग असते. गेल्या वर्षी या महिन्यात घरफोड्या किती, यंदा किती, वाढ का झाली, साहेब उभं करून विचारतात. आकडा कमी ठेवायचे दोन मार्ग, चोऱ्या कमी करणं किंवा चोऱ्या कमी लिहिणं. दुसऱ्याला फक्त रायटर लागतो. सोनसाखळी हिसकावली तर 'गहाळ' दाखला द्यायचा. मारहाण असेल तर अदखलपात्रच्या रजिस्टरला घ्यायची. आणि मरण असेल तर ए.डी., म्हणजे अकस्मात मृत्यू. ए.डी. रजिस्टर हे असं विहिरीसारखं आहे, त्यात पडलेलं सहसा वर येत नाही. २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद पोलिसांनी नोंदवलीच पाहिजे. स्वतंत्र भारतात, लोकशाहीत, छासष्ट वर्षांनी सांगावं लागलं.

१९८२ साल. ठाण्याचं नाव लिहीत नाही. मी तेव्हा नवा, अक्षर चांगलं म्हणून रायटरच्या हाताखाली बसवलेला. हातमागवाल्यांच्या वस्तीत एक सून जळून मेली. वय एकोणीस. सासरच्यांचा जबाब, स्टोव्हचा भडका उडाला. त्या काळी असे स्टोव्ह फार भडकायचे, आणि भडकायचे ते सुनांपुढंच. सासरच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम अजून यायचं होतं, ते १९८३ चं.

पंचनामा मी लिहिला. दिसेल ते लिहायचं एवढंच मला शिकवलेलं. मी लिहिलं, 'पंपाचा पितळी स्टोव्ह एक, टाकी शाबूत, टाकीत पाऊण भाग रॉकेल, बर्नरला काजळी नाही.' साहेबांनी वाचलं. रागावले नाहीत, चांगले माणूस होते, माझ्या लग्नालाही आले होते. म्हणाले, "एवढं कशाला रे? स्टोव्ह होता ना? मग तेवढंच लिही." मी नवा कागद घेतला, खाली कार्बन घातला आणि लिहिलं, 'पितळी स्टोव्ह एक.' पंचांनी सह्या केल्या. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

मुलीची आई तीन दिवस ठाण्याच्या पायरीवर बसायची. तिला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं आणि तेलुगू समजणारा शिपाई रजेवर, असं साहेबांना सांगितलं गेलं. मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो, गल्लीत सगळी तेलुगू बोलणारी पद्मशाली पोरं. ती काय म्हणत होती ते मला अक्षरन् अक्षर कळत होतं. मला तेलुगू येतं का, असं कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी ती आली नाही. ए.डी. नंबर पडला, कागद वर गेले, मंजूर होऊन आले. ते मीच गठ्ठ्यात बांधले.

तिथं कुठला हुकूमशहा नव्हता. भिंतीवर गांधीजींचा फोटो होता. साहेबांना फोन आला होता का, पैसे पोचले होते का, मला माहीत नाही. मला वाटतं काहीच नव्हतं. महिन्याअखेर होती आणि त्या महिन्यात आधीच दोन खून नोंदले होते.

म्हणूनच त्या कादंबरीतली एक गोष्ट मला पटली नाही, आणि ती तुमच्या परीक्षणकर्त्यांच्या नजरेतून सुटली. लेखकानं खरं प्रकरण उचलून मागं १९५३ मध्ये नेऊन ठेवलं. कारण कळतं. स्टॅलिन म्हटलं की काळोख आयता मिळतो, मध्यरात्री दारावर थाप, जीप, तळघर. वाचक घाबरतो, पुस्तक खपतं. पण खरे खून ब्रेझनेव्हच्या शेवटच्या काळात सुरू झाले आणि गोर्बाचेव्हच्या काळात थांबले. स्टॅलिन मरून पंचवीस वर्षं झाली होती. खून लिहिला म्हणून त्या दिवसांत पोलिसाला कुणी गोळी घालत नव्हतं. तरी कागद तसेच चालले. हे मला कादंबरीपेक्षा जास्त भयानक वाटतं. भीतीपोटी लिहिणारा माणूस मला समजतो, कारण भीती गेली की तो सुधारेल अशी आशा असते. सवयीनं लिहिणाऱ्याचं काय? लेखकानं प्रकरण होतं तिथंच ठेवलं असतं तर नायकाला इतकं पळावं लागलं नसतं आणि पुस्तक जास्त खरं झालं असतं. शिवाय अशा सगळ्या कादंबऱ्यांत खबरी असतो, छळ करणारा असतो, प्रामाणिक डिटेक्टिव्ह असतो. कारकून नसतो. आला तर चहा आणून देतो.

आणि चिकाटिलो सापडला कसा, ते ऐका. ६ नोव्हेंबर १९९० रोजी जंगलाकाठच्या एका लहान स्टेशनवर पाळतीला असलेल्या पोलिसानं झाडीतून आलेला एक माणूस पाहिला, हात धूत होता, गालाला काहीतरी लागलेलं. कागद तपासले, ठीक होते, सोडून दिलं. पण नाव लिहून ठेवलं आणि रिपोर्ट पाठवला. आठवडाभरानं त्याच झाडीत प्रेत सापडलं. कुणीतरी रिपोर्ट काढून बघितले, नाव दिसलं, हा तर १९८४ चाच. पाळत ठेवली आणि २० नोव्हेंबरला उचलला. पिस्तूल नाही, पाठलाग नाही. एका शिपायानं कंटाळा न करता पूर्ण नाव लिहिलं. हा प्रसंग मी नातीला फोनवर सांगितला तर ती म्हणाली, "आबा, यात थ्रिल काय?" मी फोन ठेवला.

या कादंबरीवरचा चित्रपट २०१५ साली रशियात लागायच्या ऐन तोंडावर अडवला गेला. दुसऱ्या महायुद्धातल्या विजयाला सत्तर वर्षं होत होती आणि चित्रपट इतिहासाची मोडतोड करतो असं तिथल्या सांस्कृतिक मंत्रालयाचं म्हणणं पडलं. मोडतोड आहेच, वर मीच सांगितली. पण ती दाखवून द्यायची तर चित्रपट न दाखवून कशी दाखवणार?

शेवटी कामाचं. आपल्या परीक्षणात "स्टॅलिनच्या राजवटीत प्रत्यक्ष घडलेल्या हत्याकांडावर आधारित" असं छापलं आहे. ते चूक आहे. खून १९७८ ते १९९० या काळातले. कृपया दुरुस्ती छापावी, आणि ती आतल्या पानावर कोपऱ्यात नको, परीक्षण जिथं होतं तिथंच असावी. क्रावचेन्कोचं नावही त्यात घातलं तर बरं.

माझं नाव छापू नये, घरच्यांची इच्छा नाही. निनावी अर्जांवर 'निनावी, दप्तरी दाखल' असा शेरा मी स्वतः हजार वेळा मारलाय, त्यामुळे तुम्ही या पत्राचं काय कराल याची मला कल्पना आहे. तरी पाठवतो. खाली सही आहे, पत्ता आहे, फोन लावून खात्री करून घ्यावी. दुपारी दोन ते चार झोपलेला असतो.

आपला,
एक निवृत्त रायटर हवालदार,
जुळे सोलापूर